मृगातल्या तेजोमेघाचा खरा माल अंधारात आहे

परवा आमच्या ग्रुपवर एकानं मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा, म्हणजे चमकणाऱ्या वायूच्या ढगाचा (इंग्रजीत ओरायन नेब्युला), फोटो टाकला. हल्ली ते छोटे स्मार्ट टेलिस्कोप निघालेत ना, गच्चीवर ठेवायचा, मोबाईलवरून काय बघायचं ते निवडायचं आणि आत जाऊन निवांत जेवायला बसायचं, ते आपलं आपण फोटो काढत बसतंय, तसल्या एकानं काढलेला. फोटो झकास होता, खोटं कशाला बोलू. गुलाबी कडा, मध्ये पांढरट उजेड, आणि खाली अंगठ्यांची आणि हात जोडल्याची रांग. त्यात कॉलेजच्या एका पोरानं तेवढा नीट प्रश्न विचारला, "दादा, ते उजेडाच्या मध्ये काळं काय घुसलंय? लेन्सवर डाग आहे का?" त्याला कुणी उत्तरच दिलं नाही. मी टाइप करायला घेतलं आणि ते इतकं लांबत गेलं की म्हटलं ग्रुपवर टाकलं तर लोक म्यूट करतील, त्यापेक्षा ब्लॉगवर लिहू.

तर भावा, तो डाग नाही. आणि खरं सांगायचं तर त्या अख्ख्या फोटोत महत्त्वाचं काय असेल तर ते काळंच आहे. गुलाबी दिसतंय तो सगळा वायू गोळा केला तर सूर्यासारखे फार तर काही डझन तारे भरतील. आणि त्याच्या मागं, बाजूला, थोडा पुढंसुद्धा जो थंडगार काळा वायू पसरलाय, ज्याला ओरायन ए मॉलिक्युलर क्लाउड, म्हणजे रेणूंचा ढग, म्हणतात, त्याचं वजन वेगवेगळ्या मोजणीत ४० हजार ते १ लाख सूर्यांइतकं येतं. म्हणजे आपण ज्याला तेजोमेघ म्हणून हात जोडतोय ती त्या राक्षसी ढगाच्या एका कडेला पडलेली एक उजळ खाच आहे, बाकी ढग दिसतच नाही. मला हे कळल्यापासून तसल्या फोटोंमध्ये पहिली नजर काळ्यावर जाते, सवयच लागलीय.

आता ही खाच पाडली कुणी? मृगाच्या त्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली जो धुरकट ठिपका साध्या डोळ्यांनी दिसतो, त्याच्या मधोमध चार ताऱ्यांचा एक चौकोन आहे, ट्रॅपेझियम. त्यातला सगळ्यात दांडगा थीटा वन ओरायनिस सी. वजन तीस-पस्तीस सूर्यांच्या आसपास, पृष्ठभागाचं तापमान ३९ हजार केल्विन (आपल्या सूर्याचं ५८०० धरा), आणि उजेड सूर्याच्या दोनेक लाख पट. इतक्या गरम ताऱ्याचा बराचसा उजेड डोळ्याला दिसतच नाही, तो अल्ट्राव्हायोलेटमध्ये असतो. हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन उडवायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे ९१.२ नॅनोमीटर किंवा त्याहून लहान लांबीची लहर. हा तारा सेकंदाला तसले एकावर एकोणपन्नास शून्य इतक्या घरात फोटॉन सोडतो. समोर जो हायड्रोजन येईल त्याचा इलेक्ट्रॉन उडाला. मग तो भटकणारा इलेक्ट्रॉन दुसऱ्या कुठल्या तरी प्रोटॉनला जाऊन चिकटतो, पायऱ्या पायऱ्यांनी खाली उतरताना उजेड देतो, त्यातली एक पायरी ६५६ नॅनोमीटरची लाल. फोटोतला गुलाबी तो तिथला.

आयनीकरण, म्हणजे अणूतला इलेक्ट्रॉन उडणं, म्हटलं की आपल्याकडं लगेच मेघनाद साहांचं १९२० सालचं समीकरण आठवतं, पण ते ताऱ्याच्या वातावरणासाठी, जिथं उष्णतेनं अणू फुटतात. इथं थेट किरणांचा मारा आहे, त्यामुळं हिशोब वेगळा. तो हिशोब १९३९ साली बेंग्ट स्ट्रॉमग्रेन नावाच्या डॅनिश माणसानं केला. आयडिया एकदम सरळ होती. तारा सेकंदाला जेवढे फोटॉन देतो तेवढेच अणू फोडता येणार, आणि फुटलेले परत जुळत राहणार, ते परत फोडायला परत फोटॉन लागणार, मग एका ठरावीक अंतरावर सगळे फोटॉन खर्ची पडतात आणि तिथं आयनीभूत वायू संपतो. हळूहळू विरळ होत नाही हं, बऱ्यापैकी धारदार कड असते. वायू जेवढा दाट तेवढा गोळा लहान. घनसेंटिमीटरला १० हजार कण असतील तर आपल्या या ताऱ्याला अर्ध्या प्रकाशवर्षाच्या त्रिज्येचा गोळा फोडता येईल, आणि फक्त १०० कण असतील तर दहा प्रकाशवर्षांचा. (आणि हे "दाट" म्हणजे किती, तर आपण श्वास घेतो त्या हवेत घनसेंटिमीटरला एकावर एकोणीस शून्याहून जास्त रेणू असतात. म्हणजे तिथलं दाट आपल्या इथल्या बहुतेक व्हॅक्यूम पंपांना लाजवेल.)

पण गोष्ट इथं थांबत नाही, कारण फुटलेला वायू गप्प बसत नाही. बाहेरचा रेणूंचा वायू २० केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे अडीचशे सेल्सिअस. आतला आयनीभूत वायू जवळपास १० हजार केल्विन. तापमान पाचशे पट झालं. त्यात एका हायड्रोजन रेणूत दोन अणू, प्रत्येक अणूचा एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन, म्हणजे एका कणाचे चार झाले. पाचशे गुणिले चार, दोन हजार पट दाब! हे पाटीवर करता येईल असं गणित आहे आणि अख्ख्या विषयाचं मूळ त्याच्यात आहे. आतून दोन हजार पट दाब म्हटल्यावर तो वायू सेकंदाला दहा किलोमीटरच्या घरातल्या वेगानं बाहेर पसरायला बघणार, आणि बाहेरच्या थंड ढगात आवाजाचा वेग सेकंदाला जेमतेम ०.२ किलोमीटर, म्हणजे ढगाला पळायला पण वेळ मिळत नाही, तो पुढच्या पुढं दाबला जातो, ढकलला जातो, थर साचतो.

माझ्या मामांचं शेत कोरेगावकडं आहे. ऊस गेल्यावर फडात पाचट पेटवतात ते ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना पुढचं पटकन कळेल. (पाचट जाळू नये, कुट्टी करून तिथंच कुजवावं, हे मामांना मी पण सांगतो, ते "व्हय व्हय" म्हणतात.) जाळाची एक रेघ पुढं सरकत असते, मागं सगळं राख. रेघेच्या पुढं हातभर पट्ट्यातलं पाचट अजून पेटलेलं नसतं पण तापलेलं असतं, वाळून कडकड वाजत असतं, धूर सोडत असतं. आणि त्याच्या पुढं दवानं भिजलेलं गार पाचट, ज्याला अजून पत्ताच नाही. आणि मध्येच एखादा ओला ढिगारा असतो, जाळ त्याला वळसा घालून पुढं जातो, तो मागं तसाच काळा उभा राहतो. तेजोमेघाची कड हुबेहूब अशी आहे. राख म्हणजे आयनीभूत वायू, जाळाची रेघ म्हणजे आयनीकरणाची सीमा, गार पाचट म्हणजे रेणूंचा ढग, आणि मागं राहिलेले ढिगारे म्हणजे ते गरुड तेजोमेघातले प्रसिद्ध खांब, हबलनं १९९५ साली काढलेला फोटो, जो प्रत्येक विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलवर चिकटवलेला असतो.

मधला तो तापलेला पट्टा, तो मला सगळ्यात भारी वाटतो. त्याला फोटोडिसोसिएशन रीजन म्हणतात, थोडक्यात पीडीआर. १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचे सगळे फोटॉन सीमेवर संपले, पण त्याच्या खालचे हायड्रोजन अणूला फोडू शकत नसल्यामुळं आरामात पुढं घुसतात. ते अणू फोडत नाहीत पण रेणू फोडतात. हायड्रोजनचा रेणू ११.२ ते १३.६ मधल्या फोटॉननं सुटा होतो. कार्बनच्या अणूचा इलेक्ट्रॉन ११.३ ला उडतो. म्हणून सीमेपासून ढगाच्या आत चालत गेलं तर आधी सुटे हायड्रोजन अणू लागतात, मग हायड्रोजन रेणू पण कार्बन अजून आयन होऊन बसलेला, आणि आणखी आत, धुळीनं आणि पुढच्या रेणूंनी सगळं अल्ट्राव्हायोलेट खाल्ल्यावर, कार्बन ऑक्सिजनला धरतो आणि कार्बन मोनॉक्साइड, सीओ, तयार होतो. तापमान शेकड्यांवरून हजारापर्यंत आणि मग पटकन खाली दहा-वीस-पन्नास केल्विनला. या थरांचं नीट गणित टीलेन्स आणि हॉलनबाख या दोघांनी १९८५ साली मांडलं आणि आजही लोक त्याच्यावरच पुढं काम करतात.

हे थर बघायला सगळ्यात सोयीची जागा कुठली तर परत आपला मृगच. ट्रॅपेझियमपासून दोन आर्कमिनिटांवर (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक आर्कमिनिट), म्हणजे प्रत्यक्षात साधारण पाऊण प्रकाशवर्षावर, ओरायन बार नावाची एक सरळ पट्टी आहे. तिथं ढगाची भिंत आपल्याला अगदी कडेवरून दिसते, त्यामुळं थर एकावर एक न येता शेजारी शेजारी दिसतात. आयनीकरणाच्या सीमेपासून दाट सीओपर्यंतचं अंतर प्रकाशवर्षाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. जेम्स वेब टेलिस्कोपनं २०२३ साली या बारपाशी एका छोट्या ताऱ्याभोवतीच्या चकतीत मिथाइल कॅटायन नावाचा आयन शोधला, एक कार्बन, तीन हायड्रोजन, एक इलेक्ट्रॉन कमी. पुस्तकी रसायनशास्त्रात तो कार्बनच्या मोठ्या रेणूंकडं जायचा पहिला दरवाजा म्हणून कित्येक वर्षं लिहिलेला होता, पण सूर्यमालेबाहेर कुणाला सापडत नव्हता. आणि गंमत बघा, सापडला तो अल्ट्राव्हायोलेटच्या माऱ्यात. म्हणजे जो उजेड रेणू फोडतोय तोच नवीन रसायन पण सुरू करतोय.

आता एक साधा प्रश्न. हा काळा ढग जर दिसतच नाही तर त्याचं वजन, तापमान, वेग हे सगळं कळलं कसं? ढगात ऐंशी टक्क्यांच्या वर कण हायड्रोजन रेणूंचे, पण हा रेणू भलताच मुका आहे. दोन्ही टोकं सारखी, विद्युतभार दोन्हीकडं समान वाटलेला, त्यामुळं गरगर फिरला तरी रेडिओ लहर निघत नाही. त्याला पहिल्या पायरीवर चढवायला ५१० केल्विनच्या घरातली ऊर्जा लागते आणि ढग बसलाय दहा-वीसवर. मग बघायचं कुणाकडं, तर सीओकडं. दहा हजार हायड्रोजन रेणूंमागं एखादा सीओ असतो, पण त्याची दोन टोकं वेगळी आहेत आणि पहिली पायरी फक्त ५.५ केल्विनची, त्यामुळं असल्या थंडीत पण तो बोलत असतो. ११५ गिगाहर्ट्झ, लांबी २.६ मिलिमीटर.

तो पहिल्यांदा ऐकला १९७० साली, आणि कुठं, तर याच मृगाच्या तेजोमेघात. विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास हे तिघं, अमेरिकेत किट पीकवरची ३६ फुटी डिश. यातले विल्सन आणि पेन्झियास म्हणजे तेच, ज्यांना १९६५ च्या कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंडसाठी (विश्वाच्या सुरुवातीचा उरलेला उजेड) पुढं १९७८ ला नोबेल मिळालं. एका शोधावर लोक जन्मभर भाषणं देतात आणि या माणसांनी पाच वर्षांत अख्खा दुसरा विषय उघडून दिला, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्याच वर्षी जॉर्ज कॅरुथर्सनी रॉकेटवर अल्ट्राव्हायोलेट कॅमेरा पाठवून अवकाशातला हायड्रोजन रेणू पण पहिल्यांदा पकडला, थंड ढग आडवा आला की ताऱ्याच्या उजेडात त्याच्या काळ्या रेषा उमटतात त्यावरून.

आपल्याकडून लोक विचारतात की मग खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण हे बघते का? नाही बघत, आणि का नाही ते तिथं गेलं की डोळ्यांनीच कळतं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथं जत्रा भरते, पोरांना घेऊन जरूर जा, सातारा-पुणे-नारायणगाव, एका दिवसात होतंय. ४५ मीटरच्या तीस डिश आहेत आणि त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, तारेच्या जाळीचा आहे. गोविंद स्वरूप यांची ती कमाल, जाळी दोरांवर ताणून बसवली त्यामुळं वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. पण जाळीची भोकं १० ते २० मिलिमीटरची. मीटरभर लांबीच्या लहरीला ती भिंत वाटते आणि सीओची २.६ मिलिमीटरची लहर त्यातनं सरळ निघून जाईल. मात्र त्याच डिश आयनीभूत वायू मस्त बघतात, कारण मोकळे इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या जवळनं जाताना वळतात तेव्हा रेडिओ लहरी सुटतात, आणि या लहरींना धूळ आडवी येत नाही. म्हणजे ढगात पुरलेला, डोळ्याला कधीच न दिसणारा तेजोमेघ पण तिथं दिसतो. काळ्यासाठी मग चिलीतली आल्मा वगैरे, पाच हजार मीटर उंचीवर ६६ डिश.

मधल्या पट्ट्यासाठी आणखी वेगळी तऱ्हा. तिथला कार्बन आयन १५८ मायक्रोमीटरला चमकतो आणि ती लहर हवेतली वाफ पार गिळून टाकते, म्हणून दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागते. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेवाल्यांनी एक मीटरची दुर्बीण बलूनला बांधून हैदराबादवरनं वर सोडली, जपानी लोकांच्या स्पेक्ट्रोमीटरबरोबर, आणि असल्या ताऱ्यांच्या जन्मस्थानांचे नकाशे काढले. बलूनला लोंबकळणारी दुर्बीण एका ठिकाणी रोखून धरायची, विचार करा राव. नासा आणि जर्मन लोकांनी तर ७४७ विमानाला भोक पाडून दुर्बीण बसवली होती, सोफिया, ती २०२२ पर्यंत उडत होती.

सोफियाच्या डेटातून २०१९ साली मृगाबद्दल एक गोष्ट कळली. तेजोमेघाच्या आपल्या बाजूला एक वायूचा पडदा आहे, त्याचा फुगा होऊन तो सेकंदाला १३ किलोमीटरनं आपल्याकडं सरकतोय आणि त्यात साधारण १५०० सूर्यांइतका माल आहे. आणि तो ढकलतंय कोण, तर थीटा वन सी चा वारा. तारा नुसता उजेड देत नाही, हजारो किलोमीटर सेकंद वेगानं स्वतःचा वायू फेकतोय. मी वर दोन हजार पट दाबाचं जे पाटीवरचं गणित केलं, ते बरोबर आहे पण इथं हा वारा त्याच्यावर मात करतोय. प्रत्येक तेजोमेघात असंच असेल असं नाही, लहान ताऱ्यांचा वारा कमजोर असतो, तिथं गरम वायूचाच दाब चालतो.

आणि तेजोमेघ ढगाच्या आपल्या बाजूला आहे हे तरी कशावरून? हा हिशोब मला फार आवडतो कारण दोन आकड्यांत संपतो. मागच्या रेणूंच्या ढगातला सीओ सूर्याच्या संदर्भात सेकंदाला २८ किलोमीटरनं लांब चाललाय. आयनीभूत ऑक्सिजन मोजला तर तो १८ नं लांब चाललाय. फरक दहा. म्हणजे ढगाच्या मानानं गरम वायू दहा किलोमीटर सेकंद वेगानं आपल्या दिशेला येतोय. तो आपल्याकडं येतोय म्हणजे ढगाच्या आपल्याकडच्या अंगावरनं उकळून निघतोय, ढग मागं आहे. सत्तरच्या दशकात हे चित्र पक्कं झालं. त्यावर माझा विचार असा की आपलं नशीब लय जोरावर आहे. हाच तारा ढगाच्या पलीकडच्या अंगाला जन्मला असता तर आपल्याला मृगात काहीच दिसलं नसतं, एक थोडा कमी ताऱ्यांचा काळपट भाग, बस.

मागं काय लपलंय याचा अंदाज १९६७ ला आला. बेकलिन आणि नॉइगेबाउअर यांना इन्फ्रारेडमध्ये तेजोमेघाच्या मागं एक चमकदार ठिपका दिसला जो साध्या उजेडात अजिबात नाही. त्याच्या शेजारीच क्लाइनमन आणि लो यांना आणखी थंड, पसरलेला भाग सापडला. इथं, ट्रॅपेझियमपासून आकाशात एखाद-दीड आर्कमिनिटावर, ढगाच्या आत, पुढच्या पिढीचे जड तारे तयार होतायत. तिथली धूळ शंभर-दोनशे केल्विनपर्यंत तापलीय त्यामुळं धुळीच्या कणांवर जमलेलं बर्फ उडून वायू झालंय, आणि त्यात काय काय आहे, मिथेनॉल, फॉर्माल्डिहाइड, मिथाइल सायनाइड, साधं दारूतलं अल्कोहोल पण. (हे ग्रुपवर लिहिलं असतं तर पुढची चर्चा कुठं गेली असती ते सांगायला नको.) आणि तिथं साधारण ५०० वर्षांपूर्वी मोठा राडा झालाय. दोन-तीन जड तारे एकमेकांच्या फार जवळ आले आणि झटक्यात वेगवेगळ्या दिशांना फेकले गेले, त्यातला तो बेकलिन-नॉइगेबाउअरवाला सेकंदाला २५-३० किलोमीटरनं अजून पळतोय, आणि आजूबाजूचा रेणूंचा वायू बोटं पसरल्यासारखा चहूकडं उडालेला आहे. आल्मानं ती बोटं सीओमध्ये एकेक मोजली. ५०० वर्षं म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधी. अर्थात हे आपल्याला दिसतंय त्या हिशोबानं, तिथून उजेड यायलाच साडेतेराशे वर्षं लागतात.

काळ्या वायूचा आणखी एक किस्सा सांगतो. १९८९ साली वूड आणि चर्चवेल यांनी अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीनं आकाशगंगेतले अतिलहान तेजोमेघ शोधले, अजून ढगात पुरलेले, प्रकाशवर्षाच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान. आता वरच्या दाबाच्या हिशोबानं असला लहान गोळा काही हजार वर्षांत फुगून मोठा व्हायला हवा. म्हणजे लहान अवस्थेतले फार थोडे सापडायला हवेत. पण सापडले भरपूर, जणू ते लाखभर वर्षं लहानच राहतात. मग त्यांना धरून ठेवलंय कुणी? एक उत्तर असं की आजूबाजूचा रेणूंचा वायू आपण समजत होतो त्यापेक्षा बराच दाट आणि गरम आहे, त्याचा स्वतःचा दाब गोळ्याला फुगू देत नाही. दुसरं उत्तर, ताऱ्यावर अजून माल पडतोच आहे, तो गोळ्याला आत दाबतोय. याच्यावर अजून वाद चालू आहे आणि मला वाटतं दोन्ही जागोजागी खरं असणार, पण मुद्दा हा की उजळ गोळ्याचं आयुष्य ठरवतंय कोण, तर बाहेरचं काळं.

ग्रुपवरच्या त्या पोराला आता मुद्द्याचं. त्याला म्हटलं चाळकेवाडीला ये. ठोसेघरच्या पुढं पठारावर पवनचक्क्यांच्या मध्ये आम्ही आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण लावतो. संक्रांतीच्या सुमाराला तिथं वारा असा असतो की कानटोपीवर मफलर आणि त्यावर हुड, तरी नाकातनं पाणी. दुर्बिणीत डोळा लावला की पहिलं निराशाच होते, गुलाबी कुठंय? नाहीये. कमी उजेडात आपल्या डोळ्याला लाल दिसत नाही, राखाडी दिसतं, फार तर किंचित हिरवट, तो हिरवा ऑक्सिजनचा ५०१ नॅनोमीटरचा. पण जरा दम धरला, डोळा अंधाराला सरावला, की चार ताऱ्यांच्या चौकोनाकडं एक काळी खोबण घुसलेली दिसते. इंग्रजीत तिला माशाचं तोंड म्हणतात. ही फोटोतली काळी जागा. तिथं तारे किंवा उजेड नाही असं नाही, तिथं उजेडाच्या पुढं थंड, न फुटलेला वायू आणि धूळ आडवी आलीय, त्या पडद्याचाच दाट भाग. कड बघा तिची, किती धारदार आहे. मग चौकोनाच्या दुसऱ्या अंगाला थीटा टू नावाचे तारे ओळीत आहेत, त्यांच्या लगत एक सरळ उजळ धार दिसते, ती बार. त्या धारेच्या ताऱ्याकडच्या बाजूला सगळं फुटलेलं आणि पलीकडं केसभर अंतरावर रेणू. आठ इंची आरशात, पवनचक्कीचा घुंऽघुंऽ आवाज ऐकत, आयनीकरणाची सीमा स्वतःच्या डोळ्यानं दिसते, यासारखी मजा मला कुठल्या रंगीत फोटोत येत नाही.

मग हा तेजोमेघ ढगाला मारतोय का नवीन तारे काढतोय? दोन्ही बाजूंनी लोक तावातावानं बोलतात. १९७७ साली एल्मग्रीन आणि लाडा यांनी मांडलं की ढकललेला वायू थरात साचतो, थर जड झाला की स्वतःच्या वजनानं तुटतो आणि त्यातनं पुढचे तारे निघतात. वृश्चिकेत आरसीडब्ल्यू १२० नावाचा एक जवळपास गोल फुगा आहे, त्याच्या काठावर हर्शेल दुर्बिणीला २०१० साली आत्ताच सूर्याच्या आठपट भरलेला, अजून वाढत असलेला तारा सापडला, तो या बाजूचा लाडका पुरावा. दुसरी बाजू म्हणते की तो गठ्ठा तिथं आधीच होता, तारा तसाही झाला असता, तेजोमेघानं फक्त आजूबाजूचं साफ केलं. मी या दुसऱ्या बाजूकडं जरा झुकतो. कारण एकूण हिशोब बघा, असल्या ढगातला जेमतेम काही टक्के माल ताऱ्यांत जातो, बाकीचा विखुरतो, आणि विखुरण्याचं मोठं काम हेच जड तारे करतात.

विखुरल्यावर काय उरतं ते पण मृगातच आहे, फक्त वर डोक्याकडं बघायचं. हरणाच्या डोक्याचे ते तीन बारके तारे, मृगशीर्ष, म्हणजे पंचांगातलं नक्षत्र तेच, जून उजाडला की "मृग लागला" म्हणून पेरण्या सुरू होतात तो मृग. (त्यावेळी सूर्यच तिथं असतो म्हणून रात्री दिसत नाही, हे पण पोरांना सांगत जा.) त्यातला मुख्य लॅम्डा ओरायनिस हा पण गरम जड तारा आहे आणि त्याच्याभोवती आयनीभूत वायूचा फिकट गोळा आहे, आणि गोळ्याभोवती रेणूंच्या वायूचं आणि धुळीचं एक कडं आहे, व्यास आठ-दहा अंश, म्हणजे पौर्णिमेचे पंधरा-वीस चंद्र ओळीत बसतील एवढं. मधला ढग संपलेला, कड्यावर तुकडे शिल्लक. काही लोकांच्या मते तिथं मध्ये एक सुपरनोव्हा पण होऊन गेला. दुर्बिणीतून यातलं काही दिसत नाही, उगाच शोधत बसू नका, पण कॅमेऱ्याला हायड्रोजन अल्फा (तीच ६५६ नॅनोमीटरची लाल) फिल्टर लावून साध्या ५० च्या लेन्सनं भरपूर वेळ एक्सपोजर दिलं तर लाल गोळा येतो, आणि त्याच्या काठावर बी ३० आणि बी ३५ नावाचे दोन काळे तुकडे. बी ३५ चं उजळ तोंड बरोबर लॅम्डाकडं वळलेलं आहे आणि त्याच्या आत, सीओ मोजलेल्या जागी, अजूनही तारे तयार होतायत. स्मार्ट टेलिस्कोपवाल्यांनो, तुमच्या फ्रेममध्ये एवढं मोठं बसणार नाही, त्यासाठी जुना डीएसएलआर काढा.